रेवूला सगळं कळतं

"प्रमिला, एक सांगू? राग मानू नकोस हं."

जिजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. जिजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, निर्मलाताईच्या सासूबाई. मला त्या घरात येऊन पुरता एक दिवसही झाला नव्हता. ताईची वीस महिन्यांची रेवती माझ्या मांडीवर बसली होती. मी तिच्यापुढं चमचा धरून 'चमचा' म्हणायच्या खटपटीत होते आणि नेहमीप्रमाणे 'च'वर अडकले होते.

'सांगा ना' असं मला म्हणायचं होतं. मी नुसती मान हलवली.

"तू पोरीला सांभाळ, खेळव, न्हाऊ घाल. तुझ्या हाताला माया आहे, ते दिसतंच आहे. पण तिच्यापुढं फार बोलू नकोस. अजून एक शब्द बोलत नाही ती. कानावर पडेल ते उचलायचं वय आहे तिचं. तोतरेपणा लागतो गं पोरांना."

त्यांच्या आवाजात खोच नव्हती. दोन-चार खडे निवडून त्यांनी बाजूला टाकले, सूप झटकलं आणि "चहा घेशील ना?" असंही त्याच सुरात विचारलं. कुणी टोमणा मारला असता तर मला रडायला सोपं गेलं असतं. मी चमचा खाली ठेवला.

हे सगळं सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरातलं. मी एकवीस वर्षांची होते. त्याच महिन्यात एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी मी मुलाखत देऊन आले होते. समोर तिघे गृहस्थ होते. त्यांनी पहिलाच प्रश्न नावाचा विचारला आणि माझं नाव काही केल्या 'प्र'च्या पुढं सरकेना. तिघांनी एकदम आपापल्या कागदात डोकी घातली. त्यांचं ते कागद बघणं मला अजून आठवतं.

घरी येऊन मी आठ दिवस कुणाशी बोलले नाही, तेवढ्यात ताईचं पत्र आलं. दाजी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते आणि ती मंडळी कारखान्याच्या कॉलनीत राहायची. कॉलनीतल्या शाळेत एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी ताईला काम मिळालं होतं. जिजींचे गुडघे दुखायचे, पोरीमागं धावणं त्यांना जमायचं नाही. 'हंगाम संपेपर्यंत येशील का? रेवूला तुझ्याशिवाय कोण आहे?' असं ताईनं लिहिलं होतं. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघाले.

तर असं ते घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं छोटं परस, आणि परसातून दिसणारं कारखान्याचं धुराडं. गळीत सुरू असल्यानं दिवसभर हवेत उसाच्या मळीचा आंबूस गोड वास असायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे काळे ठिपके पडायचे. समोरच्या रस्त्यानं उसाच्या बैलगाड्यांची रांग जायची. पहिले तीन दिवस मी आणि रेवू खिडकीत बसून त्या गाड्या बघत राहिलो. दोघीही मुक्या.

रेवू दिसायला फार गोड, टपोऱ्या डोळ्यांची, पण गप्प. रडायचीसुद्धा बेतानं. "रेवू, चेंडू आण," असं दाजी म्हणाले की ती भिंतीकडं बघायची. "रेवू, आजीला टाटा कर," म्हटलं की पदरात तोंड लपवायची. ताई शाळेतून दमून यायची, तिला जवळ घेऊन "हे काय? सांग, हे काय?" असं विचारत बसायची, आणि रेवू तिच्या मंगळसूत्राशी खेळत राहायची. एकदा ताई मला हळूच म्हणाली, "पमे, हिला काही कळतच नाही की काय गं?"

चौथ्या दिवशी दुपारी जिजी दत्ताच्या देवळात भजनाला गेल्या. मी स्टोव्हवर दूध तापवत होते. रेवू दुडुदुडु मागून आली आणि तिनं सरळ पातेल्याकडं हात घातला.

"रेवू, हात मागं!"

तिनं हात मागं घेतला. मी स्टोव्ह बंद केला, तिला उचललं, आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं. मी बोलले होते. एका दमात, धडधडीत, न अडखळता.

मी तिला ओट्यावर बसवलं. चमचा उचलला आणि म्हटलं, "चमचा." निघाला. "वाटी. पातेलं. प्रमिला मावशी." सगळं निघालं! कुत्र्यामांजरांशी बोलताना माझी जीभ अडत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण माणसाच्या लेकराशीही ती अडत नाही, हे मला एकविसाव्या वर्षी कळत होतं. मी हसायला लागले. मी हसते म्हणून रेवूही हसली. पातेल्यात दूध तसंच राहिलं आणि आम्ही दोघी खुळ्यासारख्या हसत बसलो.

आणि दुसरी गोष्ट मला संध्याकाळी सुचली. 'हात मागं' म्हटल्यावर तिनं हात मागं घेतला होता. म्हणजे तिला ते कळलं होतं. की नुसती माझ्या ओरडण्याला दचकली होती?

दुसऱ्या दिवसापासून आमचा चोरटा उद्योग सुरू झाला. जिजी जेवण झाल्यावर एक ते तीन झोपायच्या. दार लोटून मी आणि रेवू परसात जायचो. त्यांनी नको म्हटलेलं मी करत होते, याची टोचणी होतीच. पण तोंडातून शब्द असे सरसर निघताना मी जन्मात अनुभवलं नव्हतं. ते सोडवेना.

सुरुवात मी मास्तरणीसारखीच केली. समोर वस्तू मांडल्या. ही वाटी, हा चमचा, ही चप्पल. म्हण बघू. रेवूनं जांभई दिली. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मी कंटाळून दाजींची चप्पल उचलली, डोक्यावर ठेवली आणि म्हटलं, "बघ रेवू, माझी नवी टोपी!"

रेवू थबकली. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की माझी मलाच लाज वाटावी. मग गंभीर चेहऱ्यानं उठून आली, दोन्ही हातांनी चप्पल काढली, खाली बसली आणि माझ्या पावलाशी नेऊन ठेवली. वर माझ्या अंगठ्यावर एक चापट मारली.

हिला ठाऊक होतं! चप्पल कशाला म्हणतात, टोपी कशाला म्हणतात, कुठली वस्तू कुठं जाते, सगळं ठाऊक होतं. हुकूम ऐकायची तिला गोडी नव्हती. दुसऱ्याची चूक दुरुस्त करायला मात्र ती एका पायावर तयार होती.

मग काय, मी चुकांचा सपाटाच लावला. वाटी कानाला लावून म्हटलं, "हॅलो, दाजी आहेत का?" कंगव्यानं भात कालवायला निघाले. पायमोजा नाकात घालायला लागले. रेवू प्रत्येक वेळी धावत यायची, वस्तू हिसकावून घ्यायची आणि जिथल्या तिथं लावायची. हसून हसून तिला उचकी लागायची, आणि जिजी जाग्या होतील म्हणून मी तिच्या तोंडावर हात धरायचे.

एकातून दुसरा खेळ निघत गेला. आंघोळीच्या वेळी मी तांब्या हवेत धरून थांबायचे. "पाणी कुणावर? गुडघ्यावर!" की ती गुडघा पुढं करायची. "पोटावर!" की पोट फुगवायची. एकदा मी "पाठीवर" म्हटलं तर ती गोल गोल फिरायला लागली, कारण पाठ तिला दिसेना. भातुकलीच्या टोपलीत मी चमचा, चेंडू, घंटी अशा वस्तू टाकायचे, वर फडकं घालायचे आणि कानात कुजबुजायचे, "घंटी कुठं पळाली गं?" ती फडक्याखाली हात घालून, न बघता, चाचपून घंटी काढायची. बाहुलीला भरवायचं, झोपवायचं, तिचं नाक पुसायचं. पुसायला सांगितलं की माझंही पुसायचं.

सगळ्यात लाडका खेळ चपलांचा होता. दारात पाच माणसांच्या चपला असायच्या. "आईची चप्पल आईच्या खोलीत, बाबांची चप्पल खुर्चीखाली." तिला एकेकाची चप्पल अचूक ठाऊक झाली. संध्याकाळी दाजी हैराण होऊन विचारायचे, "माझी एक चप्पल रोज खुर्चीखाली कशी जाते?" मी मान खाली घालून पोळ्या लाटत राहायचे.

महिन्याभरात तिला किती शब्द कळायला लागले, याचा मला हिशेबच राहिला नाही. पण ती बोलत नव्हती. एक अक्षर नाही. आणि घरातल्या बाकीच्यांपुढं ती पूर्वीसारखीच भिंतीकडं बघायची, कारण बाकीचे तिला विचारायचे, "हे काय? सांग." मला ते दिसत होतं. पण सांगायचं कसं? सांगायचं म्हणजे मोठ्या माणसांशी बोलायचं, आणि शिवाय चोरी कबूल करायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या बाईंची मुलगी आली होती. ती रेवूपेक्षा तीन महिन्यांनी लहान. ती "ती'गुळ द्या, दोड दोड बोला" म्हणाली. बायकांनी तिचे मुके घेतले. ताई उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. त्या शनिवारी दाजींनी कारखान्याच्या दवाखान्यात नाव नोंदवलं. दर शनिवारी शहरातून मुलांचे डॉक्टर तिथं यायचे, डॉक्टर मंत्री म्हणून.

आम्ही सगळेच गेलो. ताई, दाजी, जिजी, आणि रेवूची पिशवी धरून मी. दवाखान्याची खोली लहान होती. मी दाराशीच उभी राहिले.

डॉक्टर पन्नाशीचे, शांत स्वभावाचे वाटले. त्यांनी खणातून चेंडू, चमचा, पेला आणि एक लाकडी घोडा काढून टेबलावर मांडला.

"बाळ, चेंडू कुठं आहे?"

रेवूनं ताईच्या खांद्यात तोंड लपवलं.

"बरं, चमचा दाखव. आईला दे बघू चमचा."

काही नाही. डॉक्टर उठले आणि तिच्या पाठीमागं जाऊन त्यांनी किल्ल्यांचा जुडगा हळूच वाजवला. रेवूनं चटकन मान वळवली. दुसऱ्या बाजूनं वाजवला. तिकडंही वळवली.

"ऐकू तर येतंय चांगलं," ते खुर्चीत बसत म्हणाले. "आता बघा, या वयात काही मुलं बोलत नाहीत. त्याची मला तितकी काळजी नाही. पण सांगितलेलं कळतं का? घरी कधी काही आणून देते? नाव घेतलं की वस्तूकडं बघते?"

ताई आणि दाजींनी एकमेकांकडं बघितलं. "नाही," दाजी म्हणाले. "आमच्या तरी कधी लक्षात आलं नाही."

"मग पुण्याला एकदा नीट तपासून घेऊ. घाबरू नका, पण वेळ घालवू नका."

ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जिजींनी पदर नीट केला आणि त्या घसा खाकरून म्हणाल्या, "डॉक्टर, विचारायचं म्हणून विचारते. घरात एक तोतरं माणूस आहे. दिवसभर पोर तिच्याजवळच असते. त्यानं होतं का असं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनीही.

त्या खोलीत मला जे ठाऊक होतं ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. 'तिला कळतं', एवढे दोनच शब्द मला म्हणायचे होते. मी तोंड उघडलं.

"ति... ति... ति..."

माझे डोळे मिटले, मान ताठ झाली. मला माहीत होतं मी कशी दिसत असेन ते. दाजींनी नजर वळवली. "बसा, बसा तुम्ही," डॉक्टर मायेनं म्हणाले. म्हणजे, राहू द्या.

मी बसले. खुर्चीवर नव्हे, खाली फरशीवर, मधोमध. पायातली चप्पल काढली, डोक्यावर ठेवली, आणि ताईच्या खांद्याकडं बघून म्हटलं, "रेवू! बघितलीस का माझी नवी टोपी?"

जिजींचा हात तोंडाशी गेला. रेवूनं मान वर केली. एक क्षण तिनं त्या अनोळखी खोलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग ताईच्या अंगावरून घसरत खाली उतरली, तरातरा चालत आली, माझ्या डोक्यावरची चप्पल काढली आणि पायात घालायला लागली. अंगठ्यावर चापट मारायला विसरली नाही.

"अस्सं होय? ही चप्पल होय? मग टोपी कुठंय गं?"

तिनं दाराकडं बघितलं. दारात कंपाउंडर काय गडबड आहे ते बघायला आला होता, आणि त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. रेवूनं बोट केलं.

"बरोबर! आता मला भूक लागली. मी या घोड्यानं भात खाते हं." मी टेबलावरचा लाकडी घोडा उचलून तोंडाशी नेला. रेवू किंचाळली. टाचा उंचावून तिनं टेबलावरचा चमचा ओढला, घोडा माझ्या हातातून घेतला आणि चमचा दिला.

"चेंडू पिशवीत टाक, आपण घरी नेऊ." चेंडू पिशवीत गेला. "पेला जिजीला दे. जिजीला तहान लागलीय." पेला जिजींच्या मांडीवर गेला. "बाबांचं नाक कुठंय? जा, पुसून ये." दाजी वाकले, आणि त्यांचं नाक तिच्या फ्रॉकच्या टोकानं पुसलं गेलं. "जिजीचा चष्मा?" तिनं जिजींच्या मांडीवर चढून चष्मा काढला, स्वतःला लावला आणि आंधळ्यासारखी हात पुढं करून चालायला लागली. कंपाउंडर मोठ्यानं हसला. ताई रडता रडता हसत होती.

आता मलाही चेव चढला. "रेवू, डॉक्टरकाकांची चप्पल कुठंय गं?"

रेवूनं खोलीतले पाय एकेक करून बघितले. मग ती बसली, रांगत टेबलाखाली गेली. डॉक्टरांनी टेबलाखाली चपला काढून ठेवल्या होत्या, हे मला फरशीवर बसल्यामुळं दिसत होतं. ती एक चप्पल छातीशी धरून बाहेर आली, ताईजवळ गेली आणि तिच्या खुर्चीखाली ती चप्पल सरकवून दिली. कारण चपला खुर्चीखाली ठेवायच्या असतात.

डॉक्टर एका पायावर उभे राहून टेबलापलीकडून बघत होते. त्यांच्या हातात पेन्सिल होती.

"तिला कळलेले शब्द मी मांडत होतो," ते म्हणाले. "बारापर्यंत मांडले. मग राहूनच गेलं."

"मग पुण्याला?" दाजींनी विचारलं.

"आता लगेच कशाला? हिचं भांडं आतून भरतंय. हे खेळ चालू ठेवा. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर पुन्हा दाखवा, तोवर बोलली नाही तर आपण पुण्याला पाठवू. त्यात लाजण्यासारखं काही नाही." मग ते जिजींकडं वळले. "आणि आजी, शेजारी राहून तोतरेपणा लागत नाही. तो काही पडसं-खोकला नव्हे. तुमच्या नातीशी कुणी एवढं बोललंय, म्हणून हिला एवढं कळतंय."

"कधीपासून खेळता हे?" त्यांनी मला विचारलं.

"म... म... महिना झाला," मी म्हटलं.

"पोरीशी बोलताना तुम्ही एकदाही अडला नाहीत," ते म्हणाले. "कंपाउंडर, माझी चप्पल द्या हो तेवढी."

घरी येताना ताई आणि दाजी पुढं रेवूला 'झाड कुठंय, बैल कुठंय' विचारत चालले होते आणि ती दोन्ही हातांनी बोटं करत होती. मी मागून येत होते. जिजी माझ्याकडं न बघता गुडघे सांभाळत चालत होत्या.

चारचा भोंगा झाला तेव्हा त्यांनी मला परसात बोलावलं. दोन कप चहा त्यांनीच करून आणला होता.

"महिनाभर माझ्या माघारी बोलत होतीस."

मी मान हलवली.

"मी नको म्हटलं होतं."

मी पुन्हा मान हलवली. आता जा म्हणतील, असं वाटलं.

जिजी वाळत घातलेल्या कपड्यांकडं बघत होत्या. "माझा धाकटा भाऊ होता," त्या म्हणाल्या. "दिनकर. तुझ्यासारखाच अडायचा. आम्ही पाच बहिणी, सगळ्या घाईच्या. त्याचं वाक्य आम्हीच पुरं करून टाकायचो. त्याला म्हणायचं असायचं एक, आम्ही म्हणायचो भलतंच, आणि तो बिचारा 'हो, तेच' म्हणून मान हलवायचा. तू आत्ता हलवलीस तशी. पुढं पुढं त्यानं बोलणंच सोडलं. चाळिसाव्या वर्षी गेला. मी त्याची सख्खी बहीण, पण त्याला आयुष्यात काय सांगायचं होतं ते मला ठाऊक नाही." त्यांनी नाक ओढलं. "पोरीचं तसं व्हायला नको, एवढंच डोक्यात होतं माझ्या. तुझ्या डोक्यात काय चाललं असेल, ते मनातच आलं नाही बघ."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"आता सांग," त्या माझ्याकडं वळून बसल्या. "काय काय खेळता, कसं कसं खेळता, सगळं सांग. मला कुठं जायचं नाही."

मी सांगायला लागले. अडत, थांबत, पुन्हा सुरू करत. 'टोपली'वर तर मी इतका वेळ अडकले, की चहावर साय धरली. जिजी बघत राहिल्या. त्यांचे ओठ एकदोनदा हलले, पण त्यांनी ते दातांनी धरले. माझं सांगून झालं तेव्हा आत ताई देवापुढं दिवा लावत होती.

दुसऱ्या दिवसापासून जिजींनी दुपारची झोप सोडली. गुडघे दुखतात म्हणून त्या पाटावर बसायच्या आणि तिथूनच चुका करायच्या. माझ्यापेक्षा कितीतरी भारी! हरभऱ्याच्या सोलाण्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन त्या "आता मी लग्नाला चालले" म्हणायच्या. लाटणं कानात घालून कान कोरायच्या. साठीतली ती करारी बाई, जिच्यापुढं दाजी अजून पाय पसरून बसत नसत, ती नातीपुढं पायमोजे हातात घालून टाळ्या वाजवायची.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी जिजींनी ताट उचललं, डोळ्यांपुढं धरलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, या चष्म्यातून काहीच दिसत नाही की!"

रेवूनं खरा चष्मा आणून दिला. जिजींनी तो घेतला आणि पायाच्या अंगठ्यात अडकवला. "हे जोडवं छान आहे गं!"

रेवूनं तो काढून त्यांच्या नाकावर ठेवला. जिजींनी पुन्हा अंगठ्यात घातला. रेवूनं पुन्हा काढला. तिसऱ्यांदा जिजींचा हात पायाकडं गेला, तेव्हा रेवू उठून उभी राहिली. तिचे गाल लाल झाले होते. दोन्ही मुठी आवळून, सगळं अंग पणाला लावून ती ओरडली, "नाई!"

जिजींचा हात हवेतच राहिला.

"नाई! नाई! नाई!"

त्या घरात जिजींना 'नाही' म्हणणारं ते पहिलं माणूस.

गुडघ्यांची शुद्ध न राहता जिजी उठल्या आणि अनवाणी रस्त्यावर धावल्या. "बोलली! अहो, माझी रेवू बोलली! मला नाही म्हणाली!" उसाच्या गाड्या थांबल्या. गाडीवान हसायला लागले. दारादारांतून बायका बाहेर आल्या. रेवू उंबऱ्यात उभी राहून, लोक जमले म्हणून, आणखी जोरात "नाई" म्हणत होती.

त्यानंतर ती गप्प म्हणून राहिलीच नाही. आज ती कोर्टात वकिली करते. माझा तोतरेपणा मात्र गेला नाही. पुढच्या जूनपासून त्याच कॉलनीत मी बालवाडी सुरू केली, ती एकतीस वर्षं चालवली. पोरांपुढं जीभ कधी अडली नाही, पालकांपुढं दर सभेला अडली. पण ती सभा घ्यायचं बळ मला त्याच दुपारी आलं होतं, रस्त्यावर.

दहा-बारा बायका जिजींभोवती जमल्या होत्या. कुणी विचारत होतं, काय औषध दिलं? कुठला अंगारा लावला? जिजींनी मागं वळून माझा हात धरला आणि मला पुढं ओढलं.

"मला काय विचारता? हिला विचारा. हिनं केलंय सगळं."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मला म्हणायचं होतं, 'पोरांना आधी कळतं, बोलणं मागून येतं.' मी तोंड उघडलं.

"पो... पो... पो..."

माझे डोळे मिटले. कुणीतरी खुदकन हसलं. शेजारच्या बाई चांगल्या मनाच्या होत्या, त्या घाईनं म्हणाल्या, "पोथी? पोथी वाचलीत का तुम्ही?"

मी मान हलवणार होते. 'हो, तेच' म्हणून मोकळी होणार होते.

"थांबा," जिजी म्हणाल्या. त्यांनी माझा हात सोडला नव्हता. "तिचं तिला म्हणू द्या."

रस्ता शांत झाला. बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. मी श्वास घेतला. पुन्हा अडले, पुन्हा श्वास घेतला. एकही बाई हलली नाही. मग मी म्हटलं ते, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, माझं मी.